आयजीजी पॉझिटिव्ह आला म्हणून सीझर? एका पहिलटकरणीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तेहतिसावा आठवडा, पहिली खेप, बाळाची वाढ व्यवस्थित. तपासण्यांच्या गठ्ठ्यात एचएसव्ही-२ आयजीजी (जननांगावर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) हीही एक होती, तिचा आकडा १.८ आला आणि समोर 'पॉझिटिव्ह' छापून आलं. एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), हिपॅटायटिस बी सगळं निगेटिव्ह. आजवर तुम्हाला खाली कधी फोड आले नाहीत, आग झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "उगाच धोका कशाला, सीझर करून टाकू." तुम्ही विचारलंय की सीझर टळणारच नाही का, आणि बाळाला आधीच काही झालं असेल का. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, "नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये."

मी पंचवीसहून जास्त वर्षं बाळंतपणं करते आहे. माझ्या अनुभवात हा शेवटचा प्रश्नच बायकांना रात्री झोपू देत नाही, आणि डॉक्टरशी बोलताना नेमका तोच गिळला जातो. त्याच्यावर येते, पण आधी तो आकडा बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

एक आधीच सांगते. मी तुम्हाला तपासलेलं नाही. वार खाली आहे का, बाळ आडवं किंवा पायाळू आहे का, तुमचं बीपी कसं आहे, यातलं मला काही माहीत नाही. सीझरचा सल्ला यातल्या एखाद्या कारणासाठी दिला असेल तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा. मी फक्त एवढंच बोलू शकते की 'आयजीजी पॉझिटिव्ह' हे एकटं कारण पुरेसं आहे का.

माझं मत आहे, नाही.

एचएसव्ही-२ आयजीजीच्या रिपोर्टवर सहसा १.१ च्या वर गेलं की 'पॉझिटिव्ह' छापतात. पण १.१ ते ३ या पट्ट्यातले आकडे फार फसवे असतात. असे हलके पॉझिटिव्ह वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासले की बरेचदा टिकत नाहीत, विशेषतः ज्यांच्या अंगात एचएसव्ही-१ च्या, म्हणजे ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूच्या अँटीबॉडी आहेत त्यांच्यात. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, ३ च्या खालचा आकडा दुसऱ्या चाचणीनं पक्का केल्याशिवाय निदान करू नये. दोन, काहीही लक्षण नसलेल्या गरोदर बाईची ही तपासणी सरसकट करूच नये. तुमच्या बाबतीत दोन्ही घडलं. ज्या तपासणीचं उत्तर हातात आल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं नाही, ती केली की असा घोळ होतो. गठ्ठ्यानं तपासण्या करण्यावर माझा जुना राग आहे, तो इथे आवरता घेते.

त्यामुळे पहिलं काम, तोच नमुना किंवा नवं रक्त वेगळ्या पद्धतीच्या चाचणीनं तपासून घेणं. वेस्टर्न ब्लॉट ही जास्त खात्रीची अँटीबॉडी चाचणी मिळाली तर उत्तम. रिपोर्टवर आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीचाही आकडा असेल तर त्याच्याकडे बघू नका. हर्पिसच्या आयजीएमवरून नवी लागण आणि जुनी लागण यांचा उलगडा होत नाही.

आता नवऱ्याचं. समजा दुसरीही चाचणी पॉझिटिव्ह आली. तरी ती कुठून आली, कधी आली, कोणाकडून आली, यातलं काहीच ती सांगत नाही. अँटीबॉडी एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं रक्तात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या जगभरातल्या साधारण १३ टक्के लोकांमध्ये एचएसव्ही-२ आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते. एखाद्याला आयुष्यात एकही फोड येत नाही, पण त्वचेतून अधूनमधून विषाणू बाहेर पडत राहतो आणि जोडीदाराला लागण होते. म्हणजे हा विषाणू तुमच्या नवऱ्याकडूनच तुमच्याकडे आला असेल आणि त्याला स्वतःला पत्ताही नसेल, हे अगदी शक्य आहे. तुमची भेट होण्याच्या कितीतरी आधीचा असेल, हेही शक्य आहे. आणि मुळात रिपोर्टच खोटा असेल, ही शक्यता तर १.८ वर बरीच मोठी आहे.

म्हणून माझ्याकडे असा रिपोर्ट आला की मी आधी बाईला एकटीला बोलावते. सासू, बहीण, नवरा कोणीच नाही. तिला सगळं समजलं, आणि ती म्हणाली की नवऱ्याला सांगा, तर त्याला बसवून सांगते, तिच्यासमोर. एका जोडप्यात नवऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे माझीही तपासणी करायला हवी होती का?" करायला हवी होती, आधीच. ती का, ते पुढे येईलच, कारण त्यात बाळाचा संबंध आहे.

(मधेच एक. घरात कोणी याला 'नागीण' म्हणत असेल तर तिथेच थांबवा. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, तो कांजिण्यांचा विषाणू पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा होतो. नावात हर्पिस आहे, घराणं एक आहे, पण आजार वेगळा आहे आणि तो लैंगिक संबंधातून होत नाही.)

बाळाकडे वळू. नवजात बाळाला हर्पिस होणं ही भयंकर गोष्ट आहे, यात शंका नाही. कधी फक्त त्वचा, डोळे आणि तोंड यांच्यावर निभावतं, कधी मेंदूपर्यंत जातं, कधी यकृत-फुप्फुसांसकट सगळ्या शरीरात पसरतं. तुमचे डॉक्टर घाबरले असतील तर त्याचमुळे, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण धोका सगळ्या बायकांना सारखा नसतो, आणि इथेच सगळी मेख आहे.

सर्वांत वाईट परिस्थिती म्हणजे गरोदरपणाच्या अखेरीस पहिल्यांदाच लागण होणं. शरीराला अँटीबॉडी बनवायला काही आठवडे लागतात. तोवर बाळंतपण झालं तर जननमार्गात विषाणू भरपूर असतो आणि बाळाकडे आईच्या अँटीबॉडीचं कवच नसतं. अशा वेळी नॉर्मल बाळंतपणात १०० पैकी ३० ते ५० बाळांना लागण होऊ शकते. तिथे सीझर, यावर कोणाचं दुमत नाही.

जुनी लागण असेल तर चित्र पालटतं. आईच्या आयजीजी अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात. बाळ येतं तेच काही शिदोरी घेऊन. त्यामुळे कळांच्या वेळी जुन्या हर्पिसचा फोड अंगावर असला तरी धोका ३ टक्क्यांपर्यंतच राहतो. आणि जुनी लागण आहे, पण त्या दिवशी फोड नाही, आधीची जळजळही नाही, अशा बाईच्या बाळाला तो १०,००० बाळंतपणांत साधारण दोनाच्या आसपास येतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे पुन्हा बघा. तो खरा असेल, तर तुम्ही बहुधा या शेवटच्या गटात आहात. तो खोटा असेल, तर तुमच्याकडे कवच नाही, पण विषाणूही नाही. खरं सांगायचं तर मला आयजीजी पॉझिटिव्ह बाईपेक्षा निगेटिव्ह बाईची जास्त काळजी वाटते, जर तिच्या नवऱ्याला हर्पिस असेल तर. कारण शेवटच्या तीन महिन्यांत नवी लागण होण्याची टांगती तलवार तिच्यावर आहे. म्हणून नवऱ्याची चौकशी. त्याला कधी खाली फोड आले असतील, किंवा ओठावर वरचेवर येत असतील आणि तुमच्याकडे त्या प्रकाराची अँटीबॉडी नसेल, तर आता बाळंतपणापर्यंत संबंध टाळा. मुखमैथुनही त्यात आलं. ओठावरचा एचएसव्ही-१ खालीही लागण करतो, आणि बाळाला तोही सोडत नाही. निरोध धोका कमी करतो, पण संपवत नाही.

"बाळाला आधीच काही झालं असेल का" याचं उत्तरही इथेच मिळतं. पोटात असतानाच लागण होणं फार दुर्मीळ आहे. ज्या बाळांना हर्पिस होतो त्यातल्या साधारण ८५ टक्के बाळांना तो जन्माच्या वेळी लागतो, पाचेक टक्क्यांना पोटात आणि उरलेल्यांना जन्मानंतर, बऱ्याचदा कोणीतरी ओठावर फोड असताना मुका घेतल्यानं. वाढीच्या सोनोग्राफी व्यवस्थित आहेत ना, मग त्या प्रश्नावर झोप घालवू नका.

मग सीझर ठरतं कधी? कळा सुरू झाल्यावर, डोळ्यांनी बघून. तेहतिसाव्या आठवड्यात कागद बघून ते ठरत नाही.

हे बघणं कसं असतं ते सांगते, कारण यातच सगळं आहे. बरीच वर्षं झाली, एक बाई पहाटे कळा देत आली. फाइलवर 'हर्पिस, जुना' एवढाच शेरा. गर्भपिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. विचारलं, खाली कुठे झोंबतंय? म्हणाली, नाही. सिस्टरनं दिव्याची मान खाली वळवली, मी दोन बोटांनी घड्या एकेक करून उलगडल्या, आणि डाव्या बाजूला, आतल्या घडीत, तिळाएवढी एक जागा दिसली. कड लालसर, मधे ओलसर. "हे काय?" "परवा केस काढताना लागलं असेल." दिसायला तसंच होतं, खोटं कशाला बोलू. मी पुन्हा विचारलं की त्याच्या आधी तिथे मुंग्या आल्या होत्या का, मांडीत, कुल्ल्यात काही? ती जरा थांबली. "दोन दिवस डाव्या मांडीत कळ जात होती. मला वाटलं, बाळ खाली सरकतंय." ते मांडीतलं दुखणं म्हणजे फोड येण्याआधीची सूचना होती. सीझर केलं. नंतर आलेल्या पीसीआरच्या रिपोर्टनं ते हर्पिसच असल्याचं सांगितलं. पण तो रिपोर्ट येईपर्यंत कळा थांबत नसतात, म्हणून निर्णय डोळ्यांनीच घ्यावा लागतो. बाळाला काही झालं नाही. (खालचे केस काढायची बाळंतपणासाठी गरज नसते. काढलेच तर वस्तरा नको, उगाच अशा खुणा होतात.)

जुना हर्पिस पक्का असेल तर माझा रिवाज असा: छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. यामुळे त्या दिवशी फोड असण्याची शक्यता कमी होते, आणि पर्यायानं सीझरचीही. औषध गरोदरपणात खूप वापरलं गेलंय आणि त्यातून बाळात व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून स्वतःहून घेऊ नका. तुमच्यासारख्या कधीच फोड न आलेल्या, फक्त रक्तात अँटीबॉडी असलेल्या बाईला ते द्यावं की नाही यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. दुसरी चाचणी पक्की आली तर मी दिलं असतं. १.८ वर दिलं नसतं.

त्या दिवशी फोड दिसलाच तर? इथेही देशोदेशी फरक आहे. अमेरिकन सूचना सांगतात की जननांगावर फोड किंवा जळजळ-मुंग्यांसारखी पूर्वसूचना असेल तर सीझर. ब्रिटिश सूचना जुन्या हर्पिसचा फोड असला तरी आईला ते आकडे समजावून सांगून, नॉर्मलची निवड तिच्यावर सोडतात. मी स्वतः सीझरकडे झुकते, पण एखादी बाई सगळं समजून नॉर्मल मागते तेव्हा तिला वेडी ठरवत नाही. फोड मांडीवर किंवा कुल्ल्यावर असेल तर तो झाकून नॉर्मल करता येतं. आणि नॉर्मल करतोय म्हटल्यावर बाळाच्या डोक्याला ठोके मोजायचा इलेक्ट्रोड लावणं, कारण नसताना पाणमोट फोडणं, व्हॅक्यूम-चिमटे, हे शक्य तितकं टाळायचं. बाळाच्या डोक्यावरचा बारीकसा ओरखडाही विषाणूला पुरतो.

"उगाच धोका कशाला" या वाक्यात सीझर म्हणजे बिनधोक, असं गृहीत धरलेलं असतं. तुमची पहिलीच खेप आहे, म्हणून हे बोलणं भाग आहे. पहिल्या सीझरचा हिशेब पुढच्या खेपांमध्ये चुकवावा लागतो: व्रणावर वार चिकटणं, वार खाली येणं, व्रण उसवण्याची भीती. शिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी. ३९ आठवडे व्हायच्या आत केलं तर बाळाला श्वासाचा त्रास. हे सगळे धोके आजच्या सुरक्षित शस्त्रक्रियेतही शून्य नसतात, आणि दहा हजारांत दोनच्या पारड्यासमोर ते जड जातात. कारण असेल तिथे मी सीझर क्षणात करते. इथे कारण दिसत नाही.

तुम्ही बाकीच्या तपासण्यांचाही उल्लेख केलाय, आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातात वेगळा रिपोर्ट असेल, म्हणून थोडक्यात. लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांना लोक एकाच माळेचे मणी समजतात, पण बाळंतपणाच्या दृष्टीनं प्रत्येकाचं गणित निराळं आहे.

सिफिलिस वारेतून, पोटातच बाळापर्यंत पोचतो, त्यामुळे सीझरनं काहीच साधत नाही. साधतं ते वेळेवर दिलेल्या पेनिसिलिननं. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट स्नायूत, आजार ताजा असेल तर एकदा, जुना किंवा कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा, आणि बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी. गरोदरपणात याला पर्यायी औषध नाही. अॅलर्जी असेल तर इस्पितळात हळूहळू सवय लावून तेच देतात. व्हीडीआरएल मात्र कधी कधी गरोदरपणामुळेच हलकी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए या सिफिलिसच्या दुसऱ्या रक्ततपासणीनं खातरजमा केल्याशिवाय घरात बॉम्ब टाकू नये. उलट बाजूही आहे. तिसऱ्या महिन्यातली निगेटिव्ह व्हीडीआरएल नवव्या महिन्याची हमी देत नाही. मधे लागण होऊ शकते. नवऱ्याचा काही धोका असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही पुन्हा तपासायला सांगते.

एचआयव्हीत ठरवतो तो व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण. गोळ्या नियमित असतील आणि शेवटच्या आठवड्यांत लोड ५० च्या खाली असेल तर नॉर्मल बाळंतपण करता येतं आणि बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी राहते. लोड १,००० च्या वर असेल तर अडतिसाव्या आठवड्यात ठरवून सीझर. हिपॅटायटिस बी मध्ये बाळंतपण कसंही होवो, बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) जन्मल्यावर १२ तासांच्या आत मिळणं महत्त्वाचं. ते जन्माच्या खोलीत आधीच आणून ठेवलंय का, हे विचारायला लाजू नका. आईचा लोड २ लाखांच्या वर असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. अंगावर पाजायला हरकत नाही.

क्लॅमिडिया आणि गनोरिया बहुतेकींना कळतच नाहीत. अंगावरून पांढरं जातं, ते गरोदरपणातही जातंच. बाळाच्या डोळ्यांना आणि क्लॅमिडियात फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, पण दोन्ही औषधानं पूर्ण बरे होतात आणि सीझरचा प्रश्न येत नाही. नवऱ्यानं औषध घेतलं नाही तर मात्र महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खाली चामखीळ असेल तर ती या दिवसांत वाढते. वाट अडवण्याइतकी मोठी असेल किंवा भळभळून रक्त येईलसं वाटलं, तरच सीझर.

तुमच्या डॉक्टरांशी बोलताना "मला सीझर नको" अशी सुरुवात करू नका, समोरचा लगेच बचावात जातो. मी ज्यांच्याकडे शिकले ते सर म्हणायचे, डॉक्टरला प्रश्न विचारा, निकाल सांगू नका. विचारा की सीझरचं कारण फक्त आयजीजी आहे की आणखी काही. १.८ पक्का करायला दुसरी चाचणी करता येईल का. ती पॉझिटिव्ह आलीच तर छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या आणि कळा आल्यावर नीट तपासून निर्णय, हा मार्ग त्यांना मान्य आहे का. मान्य असेल तर ते फाइलवर लिहून घ्या, कारण रात्री दोनला तुम्हाला बघणारा डॉक्टर वेगळा असू शकतो. मान्य नसेल तर दुसरं मत घ्या. तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत.

बाळ घरी आल्यावर पहिले चार आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा: दूध ओढत नाही, मलूल पडून राहतं, ताप येतो किंवा अंग गार पडतं, पाण्यासारखे फोड येतात, झटके येतात. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा, आणि तिथल्या डॉक्टरांना आयजीजीचा हा सगळा इतिहास सांगा. ओठावर फोड असलेल्या पाहुण्यानं बाळाचा मुका घ्यायचा नाही, पाहुणा कितीही मोठा असो.

दुसऱ्या चाचणीचा निकाल आला की मला आकडा कळवा. 'पॉझिटिव्ह' हा शब्द नको, आकडा. आणि तो रिपोर्ट आणायला जाताना नवऱ्याला बरोबर न्या.